घड्याळ जरा पुढे सरकवा की, राव!

जुन्या पीसीच्या खोक्यावर एक बटण असायचं. त्यावर दिमाखात लिहिलेलं असायचं : टर्बो. शेजारी आकडे दाखवणारी इवलीशी खिडकी. आम्हा पोरांना वाटायचं, हे दाबलं की मशीन रॉकेटसारखं सुटणार. माहीत आहे का, हे बटण मुळात कशासाठी होतं?

कम्प्युटर हळू करण्यासाठी!

खरंच सांगतोय. १९८१च्या आयबीएम पीसीतला ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि तेव्हाचे बरेच गेम त्याच वेगाच्या भरवशावर लिहिलेले होते. पुढे प्रोसेसर सुसाट झाले आणि गेममधली गाडी या टोकाला दिसेपर्यंत त्या टोकाला जाऊन आपटायला लागली. मग काय, टर्बो बंद करा, मशीनला म्हातारं करा आणि निवांत खेळा.

आता हा ४.७७ आकडा बघा. सरळ ५ का नाही? कारण टीव्ही! पीसीत बसवलेला क्वार्ट्झचा खडा १४.३१८ मेगाहर्ट्झने थरथरायचा. अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीच्या सिग्नलमध्ये रंग वाहून नेणाऱ्या लहरीच्या हे बरोबर चौपट. त्याला तीनने भागा, आले ४.७७. एकाच खड्यावर टीव्हीचे रंग आणि प्रोसेसरचा ठेकासुद्धा. काटकसर असावी तर अशी.

ठेका हा शब्द मुद्दाम वापरला बरं का. प्रोसेसरमधलं घड्याळ वेळ दाखवत नाही, ते ताल धरतं. तबलजीच्या ठेक्यावर गायक एकेक आवर्तन घेतो, तसा प्रोसेसर घड्याळाच्या एकेका टिकीला एकेक पाऊल टाकतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे तबलजीच्या कानात सांगायचं, ‘लय वाढव!’ गायक दमदार असेल तर मैफल रंगते. नाही तर मध्येच खोकला, स्क्रीन निळी, भैरवी.

हा चावटपणा नवा नाही. १९८४च्या आयबीएम पीसी-एटीचा प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झचा. आत खडा बसवलेला १२ मेगाहर्ट्झचा. हुशार मंडळींनी तो उपटून १६चा लावला आणि मशीन ८वर पळवलं. ना बायोसचा (म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमचा) मेन्यू, ना सॉफ्टवेअर, फक्त खड्याची अदलाबदल. आयबीएमच्या लक्षात आलं तेव्हा पुढच्या बायोसमध्ये चक्क वेगाची झडती घेणारी चाचणी घातली गेली. घड्याळ जास्त पळताना दिसलं की मशीन सुरूच होणार नाही!

आवळा देऊन कोहळा

आता येतोय या खेळाचा सुवर्णकाळ. जरा सावरून बसा.

ऑगस्ट १९९८. इंटेलने एकाच दिवशी दोन चिप्स बाजारात आणल्या. एक थोरली, ४५० मेगाहर्ट्झची पेंटियम टू, किंमत ६६९ डॉलर. दुसरी धाकटी, ३०० मेगाहर्ट्झची सेलेरॉन ३००ए, किंमत १४९ डॉलर. धाकटीच्या गुणकावर कुलूप : साडेचार. मदरबोर्डच्या बसचा, म्हणजे त्याच्या मूळ ठेक्याचा, वेग ६६. त्याला या गुणकाने गुणलं, ६६ गुणिले साडेचार, झाले जवळपास ३००.

गुणकाला कुलूप होतं, बसला मात्र नव्हतं. लोकांनी बस ६६वरून १००वर नेली. १०० गुणिले साडेचार किती?

बरोब्बर. ४५०. चकटफू!

आणि गंमत इथेच संपत नाही. थोरल्या पेंटियमची कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली झटपट मेमरी, ५१२ किलोबाइटची, पण चिपच्या बाहेर, निम्म्या वेगाने धावणारी. धाकटीची जेमतेम १२८ किलोबाइट, पण चिपच्या पोटातच आणि पूर्ण वेगाची. त्यामुळे पुष्कळ गेममध्ये १४९ डॉलरची पोरगी ६६९ डॉलरच्या थोरलीच्या खांद्याला खांदा लावून उभी. या चिपची जुनी मंडळी अजून अशी आठवण काढतात, जशी क्रिकेटवाले शारजातल्या सचिनची. योगायोग बघा, तेही साल १९९८च!

पुढचं हत्यार तर तुमच्या कंपासपेटीत आहे. माहीत आहे का, २००० साली एएमडीचा प्रोसेसर पेन्सिलने ‘अनलॉक’ व्हायचा? शिसपेन्सिल! ड्युरॉन आणि थंडरबर्ड अ‍ॅथलॉन या चिप्सच्या पाठीवर एल-१ नावाच्या बारीक पट्ट्या तोडलेल्या असायच्या, त्यामुळे गुणकाला कुलूप. पेन्सिलीतलं ग्राफाइट वीज वाहून नेतं. त्या तुटक्या पट्ट्यांवर टोकदार पेन्सिल घासली की पूल जोडला गेला आणि कुलूप उघडलं. पुढच्या पिढीत एएमडीने त्या पट्ट्यांच्या मध्ये लेझरने खड्डेच पाडले. लोक काय थांबतात? त्यांनी खड्डे फेव्हिक्विकसारख्या गोंदाने बुजवले आणि वरून वीजवाहक रंगाने रेघा ओढल्या. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा इथे कामाला आली म्हणायची.

मग २००९. एएमडीची फेनम टू एक्स३ ७२० ही तीन कोअरची, म्हणजे तीन मेंदूंची, चिप. तीन? प्रोसेसरच्या जगात २, ४, ८ असा पाढा, हे तीन कुठून आलं? सोपं आहे. चिप चार कोअरचीच होती, एक कोअर झोपवलेला. कधी तो खरंच बिघडलेला असायचा, कधी ठणठणीत. स्वस्तातल्या खणात माल कमी पडला की चांगल्या चिपलाही झोपेची गोळी मिळायची. बायोसमधली एक सेटिंग बदलली आणि नशीब जोरावर असलं, तर चौथा डोळे चोळत उठायचा. तीन घ्या, चार न्या!

इंटेलची तऱ्हा जास्त भारी. १९९१च्या ४८६एसएक्स चिपमध्ये दशांशांची गणितं करणारा भाग बंद करून ठेवलेला. तो हवाय? मग ४८७ नावाची जोडचिप विकत घ्या. माहीत आहे का, त्या ४८७मध्ये काय होतं? अख्खा ४८६डीएक्स! तो बसला की आधीच्या चिपला पूर्ण रजा देऊन सगळं काम स्वतःच करायचा. सुनेला स्वयंपाकात मदत करायला आलेल्या आत्याबाईंनी तिलाच घराबाहेर काढावं, तसं.

२०१०मध्ये तर कंपनीने पेंटियम जी६९५१ विकली आणि वर ५० डॉलरचं कार्ड. कार्ड खरवडा, कोड टाका, आधीपासून विकत घेतलेल्या चिपमधलीच थोडी कॅश आणि हायपर-थ्रेडिंग (एका कोअरकडून दोघांचं काम) चालू. रिचार्ज कूपनच की हो! लोकांनी इतकी बोटं मोडली की थोड्याच काळात योजना गुंडाळली गेली.

जरा पुण्यात डोकावून येऊ

पेंटियमचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ‘पेंटियमचे जनक’ म्हणून जगभर ओळखले जाणारे विनोद धाम जन्माने पुण्याचे! १९५०चा जन्म, शिक्षण दिल्लीत, मग अमेरिका आणि इंटेल. २०२५ साली पद्मभूषण. आणि खरा ट्विस्ट हा, की पेंटियम घडवून झाल्यावर ते इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती एएमडीने विकत घेतली आणि तिथून १९९७मध्ये के६ आला, जो पेंटियमच्याच सॉकेटमध्ये बसायचा. बापाने दोन्ही घरांत पाळणा हलवला.

आणि पेंटियम हे नाव का? ५८६ का नाही? कारण आकड्यांवर ट्रेडमार्क मिळत नव्हता. ग्रीकमध्ये ‘पेंटे’ म्हणजे पाच. पुणेकराने बनवलेल्या वस्तूवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ अशी पाटी लागली नाही, तर निदान रजिस्टर्ड नाव तरी लागलं.

‘के’ म्हणजे कुलूप काढलेला

चला आता दुकानात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड घ्या, नाही तर ऑनलाइन कार्ट. समोर नावं : आय५-अमुक-तमुक-के, केएफ, एफ, एक्स, एक्स३डी. ही नावं आहेत की एसटीचे पासिंग नंबर?

इंटेलची किल्ली दोन अक्षरांत. ‘के’ म्हणजे गुणकाचं कुलूप काढलेलं, ओव्हरक्लॉक करा. ‘एफ’ म्हणजे चिपमधलं ग्राफिक्स बंद, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागणारच. ‘केएफ’ म्हणजे दोन्ही. एक गोम मात्र लक्षात असू द्या. ‘के’ घेतला, पण मदरबोर्ड ‘झेड’ मालिकेचा नसेल तर गुणक हलणार नाही. तिजोरी उघडी आणि खोलीला टाळं! जास्तीचे पैसे देऊन ‘के’ आणायचा आणि स्वस्तातल्या बोर्डवर चढवायचा, ही चूक इतकी कॉमन आहे की तिला गेमर लोकांचा सत्यनारायण म्हणायला हरकत नाही. प्रत्येक घरी एकदा होतोच. एएमडीच्या रायझनमध्ये बहुतेकांचं कुलूप उघडंच असतं. बहुतेकांचं म्हटलं. अपवाद पुढे येतोय आणि तोच या लेखाचा हीरो आहे.

माहीत आहे का, कमी मेगाहर्ट्झचा प्रोसेसर जास्त मेगाहर्ट्झच्या भावाला गेममध्ये धूळ चारतो?

एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स : बूस्ट ४.७ गिगाहर्ट्झ. त्याचा भाऊ ५८००एक्स३डी, एप्रिल २०२२ : बूस्ट ४.५. म्हणजे हळू. शिवाय गुणकाला कुलूप. आणि तरीही गेममध्ये हाच पुढे. गुपित एकच : ५८००एक्सकडे ३२ मेगाबाइट एल-३ कॅश, याच्याकडे ९६. चिपच्या डोक्यावर कॅशचा आणखी एक मजला चढवलेला!

मिसळणाचा डबा आठवा. फोडणी तडतडतेय, हात लांब केला की हळद, मोहरी, हिंग हजर. डब्यात जिरं नसेल तर? कपाट उघडा. तिथेही नसेल तर चपला घाला आणि वाण्याकडे जा. तोवर तेल जळालं. कॅश म्हणजे ओट्यावरचा डबा, रॅम म्हणजे कोपऱ्यावरचा वाणी. गेम हा असा नाठाळ पाहुणा आहे की कधी काय मागेल याचा नेम नाही, त्यामुळे डबा जितका मोठा तितक्या वाण्याच्या फेऱ्या कमी. हात कितीही झपाझप चालवा, पाय दुकानाच्या वाटेवर असतील तर फोडणी बसायची नाही. खिशातली कॅश मोजायची ती चिपवरच्या कॅशसाठी. (मराठीत दोन्ही शब्द एकच. आपली भाषा आधीपासूनच हार्डवेअर-रेडी आहे.)

मग कुलूप का? कॅशचा मजला कोअरच्या डोक्यावर, म्हणजे कोअरची उष्णता वर जाताना मध्ये गोधडी. त्यात ही कॅश जादा व्होल्टेजला नाजूक. नोव्हेंबर २०२४च्या ९८००एक्स३डीमध्ये एएमडीने गंमत केली : मजले उलटे केले. कॅश खाली, कोअर वर. कोअरला थेट कूलरचा वारा मिळाला आणि कुलूपही निघालं. वास्तुशास्त्र!

पण थांबा, कार्ट भरायच्या आधी एक प्रश्न. ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे? मॉनिटर कोणता? १०८०पीवर ढीगभर फ्रेम हव्या असतील तर प्रोसेसर दमतो. ४केवर सगळा भार ग्राफिक्स कार्डवर जातो आणि महागडा प्रोसेसर शेजारी बसून शेंगा सोलतो. दुबळ्या कार्डाशेजारी बारा-सोळा कोअरचा राजा बसवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. माझं मत विचारलंत तर निव्वळ गेमसाठी आठ चांगले कोअर भरपूर झाले. उरलेले पैसे कार्डात घाला आणि वरचे चार पैसे पॉवर सप्लायमध्ये. तिथे कंजुषी करणाऱ्याला मी माझ्या घरचा यूपीएससुद्धा उसना देणार नाही.

आणि हो, रॅम! डब्यावर लिहिलंय ६०००, पण बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो ही रॅमची तयार सेटिंग चालू केली नसेल तर डीडीआर५ गुपचूप ४८००च्या आसपास चालते. अनेक जण वर्षानुवर्षं अशी दुसऱ्या गिअरमधली गाडी चालवतात. एक टिचकी मारा. अभिनंदन, तुम्ही आयुष्यातलं पहिलं ओव्हरक्लॉकिंग केलंत.

हेलियम, व्हॅसलीन आणि ९ गिगाहर्ट्झ

आता तोंडात बोटं घालायचा विभाग.

ऑगस्ट २०११, ऑस्टिन, टेक्सास. एएमडीच्या टोळीने एफएक्स-८१५०वर द्रवरूप हेलियम ओतला. तापमान उणे २६९ अंशांच्या दिशेने. आकडा आला ८.४२९ गिगाहर्ट्झ. गिनीजमध्ये नोंद! बारीक अक्षरातली टीप : आठपैकी दोनच कोअर जागे होते. विक्रमासाठी घरातल्या बाकीच्यांना झोपवून ठेवावंच लागतं.

डिसेंबर २०२२मध्ये ‘एल्मोर’ या टोपणनावाच्या स्वीडिश ओव्हरक्लॉकरने इंटेलच्या आय९-१३९००केला ९ गिगाहर्ट्झची वेस ओलांडायला लावली. २०२४मध्ये त्याच पठ्ठ्याने १४९००केएसवर ९.१चाही उंबरठा पार केला.

माहीत आहे का, ९.१ गिगाहर्ट्झ म्हणजे किती वेगवान? प्रकाश. हो, विश्वातला सगळ्यात वेगवान धावपटू. घड्याळाच्या एका टिकीत तो साधारण ३.३ सेंटिमीटर जातो. आणि हा प्रोसेसर साडेचार सेंटिमीटर लांब! म्हणजे प्रकाश चिपच्या या कडेहून निघून त्या कडेला पोचायच्या आत टिक संपली.

अशा मशीनवर गेम कोणता खेळतात? कुठलाच नाही. काही क्षण टिकायचं, आकड्याचा स्क्रीनशॉट काढायचा, विक्रम सादर करायचा. उंच मानवी मनोऱ्यासारखं : हंडी फुटली की थर कोसळले तरी चालतं.

हेलियम महाग, म्हणून रोजचा गडी द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश. प्रोसेसरवर तांब्याचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं भांडं बसवायचं आणि थर्मासमधून ओतत राहायचं. हवेतली वाफ बोर्डावर दवासारखी जमू नये म्हणून बोर्डाला काय फासतात, ओळखा? व्हॅसलीन! हिवाळ्यात आजी आपल्या टाचांना लावायची तेच. आणि काही चिप्सना चक्क थंडी बाधते. ठरावीक तापमानाखाली गेल्या की सुरूच होत नाहीत. याला ‘कोल्ड बग’ म्हणतात. महाबळेश्वरला नेलं की शिंकणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात, चिप्समध्येही आहेत.

गणितवाल्यांनो, तुमच्यासाठी खास. ओव्हरक्लॉक टिकलं की नाही हे तपासणारी जुनी लाडकी चाचणी म्हणजे सुपर पाय. हा पाय चालायचा नव्हे, ३.१४वाला! जपानमधल्या टोकियो विद्यापीठातल्या कानडा यांच्या प्रयोगशाळेतून आलेला हा प्रोग्रॅम. (कानडा हे आडनाव आहे, बेळगावशी संबंध जोडू नये.) दुसरी चाचणी प्राइम९५. तिचा खरा धंदा मर्सेन नावाच्या अवाढव्य मूळ संख्या शोधण्याचा. पण ती प्रोसेसरला असा पिळून काढते की लोक तिला व्यायामशाळा म्हणूनच वापरायला लागले. २०१६मध्ये तर याच प्राइम९५च्या एका गणितावर इंटेलच्या स्कायलेक चिप्स जागच्या जागी गोठू लागल्या. ओव्हरक्लॉक न केलेल्यासुद्धा! शेवटी दुरुस्ती बायोस अपडेटमधून आली.

इंटेलचा गुडघा, इंटेलचा चिलर

माहीत आहे का, मेगाहर्ट्झपायी एका सीईओने गुडघे टेकले होते? ऑक्टोबर २००४. इंटेलने ४ गिगाहर्ट्झची पेंटियम फोर रद्द केली. उष्णता आवरेना. कंपनीचे सीईओ क्रेग बॅरेट ऑर्लँडोतल्या परिषदेत स्टेजवर हजारोंसमोर गुडघ्यांवर आले आणि माफी मागितली. गमतीत, पण मागितली!

जून २०१८, तैपेई. इंटेलने स्टेजवर २८ कोअरची चिप ५ गिगाहर्ट्झवर पळवून दाखवली. टाळ्यांचा कडकडाट. नंतर पत्रकारांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, तर तिथे पाणी गार करणारा दणकट चिलर घरघरत होता. कंपनीचं म्हणणं, ‘ओव्हरक्लॉक केलंय हे सांगायचं राहून गेलं.’ तीच चिप पुढे विकायला आली तेव्हा तिचा मूळ वेग ३.१.

त्याच महिन्यात आणखी एक तमाशा. ८०८६ या जुन्या चिपच्या चाळिशीनिमित्त इंटेलने आय७-८०८६के काढला आणि मोजून ८,०८६ नग बक्षीस म्हणून वाटले. एएमडीने लगेच मांडवात घुसून घोषणा केली : तुमच्यापैकी चाळीस जणांनी तो आम्हाला द्या, बदल्यात आमचा सोळा कोअरचा थ्रेडरिपर घ्या! दुसऱ्याच्या बारशात जाऊन स्वतःचे पेढे वाटायचे, याला हिंमत लागते.

गरम बातम्या

थोडं गणित, घाबरू नका. प्रोसेसरचा विजेचा खर्च वेगाच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग १० टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवलं, तर खर्च किती वाढला? १० नाही, २० नाही, ३३ टक्के! वेग पावलाने चढतो, उष्णता लिफ्टने.

इंटेलचा आय९-१४९००के जोरात आला की कंपनीच्याच हिशोबाने २५३ वॅट खातो. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा ७५ वॅटचा. म्हणजे तळहातावर मावणाऱ्या चिपमध्ये तीन-साडेतीन पंख्यांची वीज, आणि ती सगळी शेवटी उष्णता बनून तुमच्याच खोलीत.

आणि कूलर कितीही महागडा, पंख्याचा असो वा पाण्याचा, तो चिपला खोलीच्या हवेपेक्षा गार करूच शकत नाही. स्वीडनमधल्या गेमरची सुरुवात २० अंशांवरून, नागपूरकराची मे महिन्यात ४५वरून. परदेशी व्हिडिओतली सेटिंग जशीच्या तशी विदर्भात उतरवू नका, तिथे चिपला आधी पन्हं पाजावं लागतं.

२०१२मध्ये इंटेलने चिप आणि तिच्या धातूच्या झाकणामध्ये डाख देण्याऐवजी साधी पेस्ट भरायला सुरुवात केली. चिप्स तापल्या, लोक त्याहून तापले. मग काय, दाढीचं ब्लेड किंवा वर्कशॉपमधला शिकंजा घेऊन झाकणच उडवायचं, आतली पेस्ट पुसून द्रवधातू लावायचा. याला डीलिडिंग म्हणतात. जमलं तर तापमान धाडकन खाली. नाही जमलं तर चिपचं झाकण आणि आपलं, दोन्ही पडलं.

कंपन्याही काही कमी मिश्कील नाहीत. २०१२मध्येच इंटेलने ओव्हरक्लॉकिंगचा विमा काढला होता. चिप जाळलीत तर एकदा बदलून मिळेल. २०२१मध्ये तो बंद झाला. त्याच वर्षी आणखी एक दुकान मिटलं : टेक्सासमधलं ‘सिलिकॉन लॉटरी’. ही मंडळी चिप्स विकत घ्यायची, कोणती किती पळते ते तपासायची आणि पळणाऱ्या जास्त भावात विकायची. देवगड हापूस हाताने चाचपून पेटी लावतात ना, सेम.

दुकान का मिटलं? कारण आता कारखान्यातच आमरस पिळून निघतो. आजचा प्रोसेसर स्वतःच बघतो, गारवा आहे, वीज आहे, चला पळूया. रायझन ७०००च्या मोठ्या चिप्सना तर ९५ अंशांपर्यंत मुद्दाम जाऊ दिलेलं आहे. तुमच्यासाठी वर उरलेलं चकटफू आता चमचाभर.

आणि तो चमचा चाटताना बोट भाजू शकतं. २०२३मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी चिप्स सॉकेटमध्येच करपल्या. मदरबोर्ड चिपच्या एसओसी नावाच्या भागाला जास्त व्होल्टेज देत होते, मग मर्यादा १.३ व्होल्टवर आणली गेली. २०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या चिप्स गेम खेळता खेळता कोसळू लागल्या. चिपच्या आतलाच मायक्रोकोड गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. म्हणून सध्याची फॅशन उलटी आहे : अंडरव्होल्टिंग. वेग तोच, व्होल्टेज थोडं कमी, पंखा शांत, आई खूश. मी स्वतः सध्या हेच करतो. टर्बोचं बटण फिरून जुन्या जागी आलं म्हणा ना!

एक किस्सा, मग सोडतो. मायक्रोसॉफ्टचे इंजिनिअर रेमंड चेन यांनी २००५मध्ये सांगितलेला. विंडोज कोसळल्याचे काही रिपोर्ट असे यायचे की ज्या आज्ञेवर मशीन मेलं, ती होती ‘हा खण शून्य कर’. इतकीच. मेमरीला हात नाही, भागाकार नाही, चुकायला जागाच नाही. मग मेलं कसं? उलगडा : ओव्हरक्लॉक! त्यातली काही मशीन तर दुकानदारानेच गुपचूप लय वाढवून विकलेली. गिऱ्हाइकाला पत्ताच नाही.

बोर्डवर बसवताना

एएमडीच्या एएम४ चिपच्या पोटाखाली १,३३१ नाजूक पिना. एक वाकली तर? क्रेडिट कार्डची कड किंवा शिसं काढलेली पेन पेन्सिल, आणि श्वास रोखून सरळ करा. जुना कूलर काढताना सरळ वर ओढू नका; वाळलेली पेस्ट चिपलाही सॉकेटसकट दातासारखी उपटते. मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करा, मग कूलर डावी-उजवीकडे हळूच पिळा. नव्या एएम५मध्ये पिना बोर्डवर गेल्या, त्यामुळे धडधड चिपवरून बोर्डवर सरकली एवढंच.

पेस्ट किती? वाटाण्याएवढी. टूथपेस्ट लावून पाहणारे वीर आहेत, आणि ती थोडा वेळ चालतेही! वाळली की दात आणि चिप दोघांचीही ठणठण.

ओव्हरक्लॉक अंगाशी आलं, स्क्रीन काळी? बोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल काढा, जरा थांबा, परत लावा. बायोस सगळं विसरून जातो. असं बटण माणसांना असतं तर किती लग्नं टिकली असती.

आणि कूलरच्या तळावरची प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म! ती काढून मग कूलर लावायचा असतो. मी माझ्या पहिल्या पीसीला ती तशीच ठेवून दोन दिवस ‘ही चिपच गरम जातीची आहे’ असं सगळ्यांना सांगत फिरलो होतो.

फिल्म काढलीत? पेस्ट लावलीत? रॅमची टिचकी मारलीत? पंखे फिरतायत, दिवे इंद्रधनुष्यासारखे लुकलुकतायत, आणि मॉनिटर मात्र काळाठिक्कर? माहीत आहे का, काय झालं असेल? चिप जळालेली नाही. बायोस रुसलेला नाही. जरा पीसीच्या मागे वाका. मॉनिटरची केबल मदरबोर्डमध्ये खुपसलीय. ती काढा आणि ग्राफिक्स कार्डमध्ये लावा. आणि चिप ‘एफ’वाली घेतली होतीत ना? मग तर तिथे लावून जन्मात काही दिसलं नसतं.